पत्र्याखालचं ग्लासवूल दर पावसाळ्यानंतर का लोंबतं? रॉकवूल लावून भागेल का?

तक्रार साधारण अशी असते. वरच्या मजल्यावर पत्र्याचं छत. उन्हाळ्याच्या तोंडावर फॅब्रिकेटरने पत्र्याखाली ५० मिमी ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची लोकर) लावून दिलं आणि पहिला एप्रिल-मे बरा गेला. पावसाळ्यात कुठे कुठे थेंब पडू लागले, लोकरीवरच्या ॲल्युमिनियम फॉइलला फुगे आले, दिवाळीपर्यंत लोकर धरणाऱ्या जाळीला झोळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात उकाडा पहिल्यासारखाच. मग कोणीतरी सांगतं, ‘ग्लासवूल काही कामाचं नाही, रॉकवूल टाका.’ जास्त पैसे मोजून ती दगडाच्या तंतूंची लोकर टाकली जाते आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा तीच गत होते, कारण लोकर बदलली तरी पाणी होतं तिथेच राहिलं.

सारख्या जाडीच्या चांगल्या ग्लासवूल आणि रॉकवूलमध्ये उष्णता अडवण्याचा फरक पाच-दहा टक्क्यांच्या आत असतो. उलट दबलेली किंवा भिजलेली लोकर निम्म्याहून जास्त काम गमावून बसते, आणि कडेला फटी राहिल्या तरी बरंच काम वाया जातं. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग बसवणूक सुधारायची आणि कुठली लोकर घ्यायची ते शेवटी ठरवायचं. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

थेंब गळतीचा की पत्र्याला सुटलेल्या पाण्याचा?

पत्र्याखाली पाणी दोन वाटांनी येतं. एक, वरून गळती. दुसरी, घरातली किंवा बाहेरची दमट हवा थंड पत्र्याला लागून तिथेच पाणी होणं. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी निदान न करताच पत्र्यावर डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा हात मारला जातो.

वेळ बघा. पाऊस चालू असताना किंवा थांबल्यावर तासाभरात, ठरावीक जागी, स्क्रूच्या रांगेत किंवा पत्र्याच्या सांध्याखाली थेंब पडत असेल तर ती गळती. पाऊस नाही, आकाश निरभ्र आहे आणि तरी पहाटे चार ते सातच्या दरम्यान छतभर बारीक थेंब दिसतात, ऊन आलं की नाहीसे होतात, तर ते सुटलेलं पाणी. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. खोलीत २२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतल्या वाफेचं पाणी साधारण १४ अंशांना होतं. नाशिक, लोणावळा, महाबळेश्वरच्या हिवाळ्यात पत्रा पहाटे १० अंशांवर सहज जातो. त्यात स्वयंपाकघरातली वाफ, गिझरच्या आंघोळी आणि घरात वाळत घातलेले कपडे आले की पत्रा ठिबकणारच.

शंका राहिली तर पॉलिथिनची चाचणी करा. फुटभर चौरस पारदर्शक पॉलिथिन पत्र्याच्या उघड्या खालच्या बाजूला चारही कडा टेपने पक्क्या बंद करून चिकटवा. पत्रा आधी कोरडा पुसून घ्या. दोन-तीन दिवसांनी पॉलिथिन आणि पत्रा यांच्यामध्ये पाणी साचलेलं दिसलं तर ते वरून आलं. पॉलिथिनच्या खालच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला थेंब असतील तर ते घरातल्या हवेतलं. आत नुसतं धुकं धरलं असेल तर ती टेप लावताना कोंडलेली ओल असते, ती मोजू नका.

गळतीची नेमकी जागा शोधायला पाइपने पाणी मारा, पण वळचणीपासून सुरुवात करून वर आढ्याकडे सरका. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं थांबा आणि खाली एक माणूस उभा ठेवा. वरून खाली पाणी मारलं तर ते सगळ्या सांध्यांवरून एकदमच वाहतं आणि काहीच कळत नाही. शिवाय थेंब जिथे पडतो तिथेच भोक असेल असंही नाही. पाणी पर्लिनपर्यंत (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे वासे) घरंगळत येतं आणि तिथे टपकतं, त्यामुळे भोक नेहमी चढाच्या बाजूला शोधायचं.

दोषी बहुतेकदा स्क्रूचा रबरी वॉशर असतो. उन्हाने कडक होऊन तो चिरतो किंवा ड्रिल जोरात मारल्यामुळे पहिल्याच दिवशी चेपून बाहेर आलेला असतो. तिरका बसलेला स्क्रू तर कधीच पाणी अडवत नाही. असा स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू आणि नवा ईपीडीएम रबराचा वॉशर लावा. नुसतं सिलिकॉन फासलं तर एक पावसाळा निघतो. सांध्यात आडवा ओव्हरलॅप दीड पन्हळ आणि उताराच्या दिशेने निदान १५० मिमी हवा. पाखं पसरट असेल तर २०० मिमी आणि मध्ये ब्युटाइलची (चिकट रबरी) टेप.

छत जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर इथेच थांबा. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. त्याला कोरडं ड्रिल मारणं, घासणं किंवा तोडणं टाळा. लोकर अडकवायची तर पत्र्याला नव्हे, पर्लिनला.

लोकर काम करते आहे की नाही, ते मोजून बघा

पाण्याचा प्रश्न नाही, पण ‘ग्लासवूल लावूनही गरम होतं’ ही तक्रार असेल तर आधी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक मिळवा. एसीवाले, इलेक्ट्रिशियन यांच्याकडे ती असते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तीन ठिकाणी मोजा: छताची खालची बाजू, पश्चिमेची भिंत आणि खोलीतली हवा. चकचकीत फॉइलवर ही बंदूक साफ खोटं सांगते, कारण फॉइल स्वतःची उष्णता फारशी टाकत नाही आणि समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच मोजलं जातं. फॉइलवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

आता आकडे. उन्हाळ्यात पत्रा दुपारी ६५ अंशांच्या आसपास जातो. खोलीत ३५ आहे असं धरू. ५० मिमी लोकर कोरडी आणि न दबलेली असेल तर छताची खालची बाजू हवेपेक्षा साधारण साडेतीन अंशच जास्त दिसायला हवी. तीच लोकर दबून १५ मिमी झाली असेल तर फरक नऊ अंशांवर जातो. तर तीन-चार अंश दिसले की लोकरीला दोष देऊ नका. मग बहुधा चार इंची पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते, किंवा वळचणीतून तापलेली हवा आत येत असते. आठ-दहा अंश दिसले तर फॉल्स सिलिंगचा एक बोर्ड उघडून वर बघायलाच हवं.

आणि छतभर एकाच जागी मोजून सोडू नका. दर दोन फुटांवर मोजा. पट्ट्यापट्ट्यांनी गरम लागलं तर पर्लिनच्या ओळीत लोकर दबली आहे. डागाडागांनी गरम लागलं तर तिथे ती भिजली आहे किंवा सरकली आहे. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त असते, त्यामुळे ओली लोकर बघायला जाड असली तरी तिचा उपयोग जवळपास संपलेला असतो.

फटींचा हिशेबही करून ठेवा. फॉल्स सिलिंग नसलेल्या छतात ५० मिमी लोकर सगळीकडे नीट बसली, फक्त पाच टक्के जागा उघडी राहिली, तर खोलीत येणारी उष्णता ढोबळमानाने ४० टक्क्यांनी वाढते. कडेला बोटभर फट ठेवणारा कारागीर महागडी लोकर लावतो आहे की स्वस्त, याने मग काहीच फरक पडत नाही.

दोन लोकरींत खरा फरक कशात आहे

ग्लासवूल वाळू, सोडा आणि जुनी काच वितळवून ओढलेल्या तंतूंचं. रॉकवूल बेसॉल्टसारखा दगड आणि भट्टीची मळी सुमारे १५०० अंशांना वितळवून काढलेल्या तंतूंचं. सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा, त्याच जातीचा हा दगड. भारतीय मानक आयएस ८१८३ या दोन्हींना बांधीव मिनरल वूल म्हणूनच मोजतं. म्हणून कोटेशनवर नुसतं ‘मिनरल वूल ५० मिमी’ लिहिलेलं स्वीकारू नका. काच की दगड, घनता किती, जाडी किती, फॉइल कुठल्या बाजूला, हे चारही लिहून घ्या.

घनता हा सगळ्यात जास्त लपवला जाणारा आकडा आहे. ग्लासवूल घनमीटरला १२, १६, २४, ३२, ४८ किलो असं मिळतं; रॉकवूल साधारण ४८ किलोपासून ९६ आणि त्याहून जड. २४ किलोचं ग्लासवूल आणि ४८ ते ६४ किलोचं रॉकवूल यांची उष्णतावहनाची संख्या ०.०३५ ते ०.०४० वॉट प्रतिमीटर प्रतिअंश या एकाच पट्ट्यात येते. १२ किलोचं ग्लासवूल मात्र मागे पडतं, आणि पत्रा जितका तापेल तितकं आणखी मागे पडतं, कारण विरळ तंतूंतून किरणोत्सर्ग पार होतो. ‘ग्लासवूल लावलं पण काही उपयोग नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या छतात पुष्कळदा हेच १२ किलोचं निघतं.

तपासणी सोपी आहे. रोल उतरवतानाच वजन करा. १.२ मीटर रुंद, १५ मीटर लांब, ५० मिमी जाड म्हणजे ०.९ घनमीटर, २४ किलो घनतेचा असेल तर रोल २१.६ किलो भरला पाहिजे. १६ किलोचा असेल तर १४.४. फॉइलचं आणि पिशवीचं वजन वेगळं धरा. रोल दाबून बांधलेला असतो, म्हणून उलगडून झटकून थोडा वेळ मोकळा ठेवा आणि मगच जाडी मोजा. पट्टी टोचून पाच-सहा जागी मोजा, कडेला नव्हे.

वजनाची दुसरी बाजूही आहे. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ५० मिमी थराला २४ किलोचं ग्लासवूल सुमारे १३ किलो भरतं, ४८ किलोचं रॉकवूल २७ किलो आणि ६४ किलोचं ३६ किलो. लोकर जर फॉल्स सिलिंगवरच टाकून द्यायची असेल तर हा भार त्याच्या सांगाड्याला आणि लटकणाऱ्या पट्ट्यांना पेलायचा आहे. जुन्या पीओपीच्या छतावर रॉकवूलचे स्लॅब चढवणं म्हणजे तडे विकत घेणं.

पाण्यापुढे रॉकवूल उजवं आहे, हे खरं. त्यातल्या तेलामुळे पाणी पृष्ठभागावर बऱ्यापैकी अडतं, आणि भिजून वाळल्यावर स्लॅब आपला आकार धरून राहतो. हलकं ग्लासवूल एकदा पाण्याच्या वजनाने चेपलं की वाळल्यावर पूर्ण फुगत नाही. पण रोज ठिबकणाऱ्या पाण्यापुढे रॉकवूलचाही टिकाव लागत नाही. उलट ते भिजून पत्र्याला टेकलेलं राहिलं तर पत्रा वरून चांगला दिसत असतानाच खालून पांढरा आणि मग तांबडा गंज धरतो.

आगीत फरक स्पष्ट आहे. काचेचे तंतू सहाशे-सातशे अंशांना मऊ पडतात, दगडाचे हजाराच्या पुढेही तग धरतात. दोन्ही स्वतः पेटत नाहीत. पेटतं ते त्यावरचं प्लास्टिक-कागदाचं आवरण आणि काही प्रमाणात तंतू बांधणारा रेझिन. चुलीचं धुराडं, चिमणीचा पाइप, जनरेटरचा एक्झॉस्ट पत्र्यातून बाहेर जातो तिथे भोवती फॉइल नसलेलं रॉकवूलच हवं. बाकी छताला या एका मुद्द्यावर रॉकवूलचे पैसे मोजायची गरज नाही.

पावसाच्या आवाजाचं मात्र वेगळं आहे. पत्र्यावरचा मारा कमी करायचा तर जड थर पत्र्याला हलका टेकलेला हवा, आणि त्याखाली जिप्सम बोर्डाचा जड पडदा. इथे ६४ किलोचं रॉकवूल उपयोगी पडतं. पण पत्र्याला टेकवलं की मधली हवा गेली, आणि पत्र्याला सुटलेलं पाणी थेट लोकरीत. कोकणात आवाज कमी हवा आणि ओलही नको असं दोन्ही मागणारे असतात. त्यांना आधी पत्र्याला खालून बंद पेशींच्या फोमचा थर चिकटवावा लागतो, त्याचं पुढे येईलच.

फॉइल कुठल्या बाजूला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि वारंवार भिजण्याचं खरं कारणही पुष्कळदा हेच असतं. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तिथे थंड भागात कागदी आवरण खोलीच्या बाजूला ठेवतात, कारण हिवाळ्यात घरातली गरम, दमट हवा बाहेरच्या थंडीकडे जाते. तो हिशेब त्यांच्या हवेला चोख आहे. आपल्याकडे ओल कुठून कुठे जाते हे जागेप्रमाणे आणि एसीप्रमाणे बदलतं.

एसी नसलेलं घर, नाशिक-पुणे-सातारा किंवा घाटमाथा: ओल घरातून थंड पत्र्याकडे जाते. फॉइल खालच्या बाजूला, आणि तिचा प्रत्येक सांधा ॲल्युमिनियम टेपने बंद. टेप किमान ७५ मिमी रुंदीची, पुसून कोरड्या केलेल्या फॉइलवर दाबून घासून बसवायची. इथे फॉइलचा दुसरा फायदाही मिळतो: खाली तोंड असल्याने तिच्यावर धूळ बसत नाही आणि ती खोलीकडे फार कमी उष्णता टाकते. त्यासाठी खाली निदान २५ मिमी मोकळी हवा हवी. फॉल्स सिलिंगला फॉइल चिकटून बसली तर ती साधा कागदच.

एसी चालणारी खोली, मुंबई-कोकण-गोवा: इथे सगळं उलटं. जुलैत बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता म्हणजे २६ अंशांच्या वस्तूवरही पाणी सुटतं. एसी २२ वर लावलेल्या खोलीचं छत तेवढं थंड असतंच. वळचणीतून पन्हळीत शिरलेली बाहेरची दमट हवा लोकरीतून झिरपत खाली येते आणि खालच्या थंड फॉइलवर पाणी होऊन तिथेच अडकते. तेच ते फुगे. पत्रा अजिबात गळत नसताना फॉइल टोचली की वाटीभर पाणी निघतं, आणि मालक वर्षानुवर्षं गळती शोधत राहतो. अशा खोलीत फॉइल वर, टेपने बंद, आणि खाली श्वास घेणारा थर: साधा रंग दिलेला जिप्सम बोर्ड. हल्ली सर्रास लावतात ते पीव्हीसी पॅनल इथे घातक ठरतात, कारण त्यांच्या खाचांतून हवा आत जाते पण पाणी वाळत नाही. एसी २५-२६ वर ठेवला तरी प्रश्न बराच हलका होतो.

विदर्भात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की फॉइलच्या बाजूवर वाद घालण्यापेक्षा जाडी वाढवलेली बरी. घरांच्या ऊर्जाबचतीची सरकारी ‘इको निवास संहिता २०१८’ छताचं उष्णतासंक्रमण दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॉटच्या आत ठेवायला सांगते; २५ मिमी लोकर कागदावर ते जेमतेम गाठते, पण जाळीत दबली की हुकते. नागपूर-चंद्रपूरच्या पत्र्याच्या घरात ७५ ते १०० मिमीचाच विचार करावा.

थंडीत दव पडणाऱ्या भागात आणखी एक अडचण राहते. पत्रा आणि लोकर यांच्यात हवा खेळती ठेवली तरी बाहेरची हवाच पहाटे पत्र्याखाली पाणी सोडते आणि ते लोकरीवर ठिबकतं. त्यासाठी पत्र्याच्या खालच्या बाजूला १० मिमी क्रॉसलिंक पॉलिथिन फोम, म्हणजे वर म्हटलेला बंद पेशींचा फोम, पूर्ण चिकटवतात. लोकर नसताना एवढा फोम ठिबकणं थांबवायला पुरतो. मात्र खाली लोकर आली की खोलीची ऊब फोमपर्यंत पोचत नाही, फोमही थंड पडतो, आणि घरातली वाफ वर गेली तर पुन्हा पाणी सुटतं. म्हणून खालची फॉइल हवाबंद असणं दोन्ही थर असताना जास्तच महत्त्वाचं. हा फोम पेटणारा आहे. चुलीच्या किंवा धुराड्याच्या वर तो लावू नये.

पुन्हा बसवताना

कामाला मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. पावसाळा संपल्या संपल्या लगेच नको, कारण लाकडी पर्लिन आणि भिंतीचे माथे अजून ओले असतात.

१. जुनी लोकर खाली उतरवा. हाताने दाबून पाणी निघत असेल, काळे डाग असतील किंवा जाडी मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशाहून कमी राहिली असेल तर टाकून द्या. नुसती धूळ असेल तर कोरडी करून पुन्हा चालते.

२. पत्रा खालून घासून, गंजरोधक प्रायमर देऊन पूर्ण वाळू द्या. गळती आधी बंद करा आणि पाइपने पाणी मारून खात्री करा. लोकर लावल्यावर भोक सापडत नाही.

३. पन्हळीची टोकं वळचणीला फोमच्या साच्याने किंवा ६ मिमी जाळीने बंद करा. एसी नसेल तर जाळी, म्हणजे हवा खेळती राहते. कोकणात एसी असेल तर फोमचा साचा. उंदीर, खारी आणि कबुतरं दोन्ही लोकरींत सारख्याच आवडीने घर करतात, ‘रॉकवूलला उंदीर लागत नाही’ यात तथ्य नाही.

४. लोकर पर्लिनवरून ताणून वर पत्रा आवळण्याची पद्धत सोडा. प्रत्येक पर्लिनवर ती चेपून पाच-दहा मिमी राहते. चालू छतात पर्लिनच्या मधल्या गाळ्यात लोकर बसवा, आणि पर्लिनच्या खालून २५ मिमीचा दुसरा अखंड थर द्या. पर्लिन लोखंडाचे असतील तर हा खालचा थर वगळू नका. लोखंडातून उष्णता सरळ खाली येते.

५. तुकडा गाळ्यापेक्षा रुंदीला १० ते १५ मिमी जास्त कापा, म्हणजे तो कडेला घट्ट बसतो. त्याहून जास्त कापला तर मध्ये फुगून फट पडते. ग्लासवूल पट्टीने दाबून धारदार कटरने कापा. रॉकवूलला दातेरी लांब सुरी लागते, पाव कापायची सुरीही चालते.

६. जाळी. झोळ पडण्याचं कारण बहुतेकदा इथे असतं. पर्लिन १.२ ते १.५ मीटर अंतरावर असतात आणि कारागीर फक्त कोंबडी-जाळी ठोकून देतो. ती ताणली जातच नाही. आधी पर्लिनला आडव्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारा ३०० मिमी अंतराने टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ओढून घ्या, मग त्यावर २५ मिमी षटकोनी जाळी किंवा ५० मिमी वेल्डेड जाळी. रॉकवूल ६४ किलोचं असेल तर तारांचं अंतर २०० मिमी करा. समुद्राजवळ साधी जीआय तार लवकर गंजून तुटते. तिथे स्टेनलेसची तार घ्या.

७. फॉइल फाटलेली जागा, तारेचं भोक, दिव्याची वायर जिथून बाहेर येते ती जागा, सगळं टेपने बंद. भिंतीला टेकणारी कड विसरली जाते. तिथे फॉइल ५० मिमी भिंतीवर वळवून चिकटवा. भिंत प्लास्टर केलेली असेल तर नुसती टेप धरत नाही, खाली ब्युटाइल सीलंट लागतं.

फॉल्स सिलिंगमधल्या दिव्यांवर लोकर टाकू नका. एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी डबी) लोकरीत गाडला गेला की गरम होऊन लवकर जातो. दिव्याभोवती ७५ मिमी मोकळी जागा ठेवून जिप्समच्या तुकड्यांची चौकट करा आणि ड्रायव्हर लोकरीच्या बाहेर आणा. आणखी बरं म्हणजे छतात दिवेच कमी घ्या, भिंतीवर घ्या. प्रत्येक गोल भोक म्हणजे वाफेला वर जायची वाट आहे.

मग कुठली घ्यायची?

मोठं पत्र्याचं छत, हलका सांगाडा, पर्लिनमधलं सरळ काम: २४ किंवा ३२ किलोचं ग्लासवूल. रोल लांब असल्याने सांधे कमी पडतात, आणि सांधे कमी म्हणजे चुका कमी. धुराड्याभोवती, स्वयंपाकघराच्या छतात, रस्त्याकडच्या किंवा शेजाऱ्याला लागून असलेल्या ड्रायवॉलमध्ये (जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीत) उभं बसवायला, आणि जिथे अधूनमधून ओल लागण्याची शक्यता काही केल्या टळत नाही तिथे ४८ ते ६४ किलोचं रॉकवूल. उभ्या पोकळीत ग्लासवूल हलकं असेल तर काही वर्षांत खाली बसतं आणि वर हातभर पट्टा रिकामा राहतो. रॉकवूलचा स्लॅब स्वतःच्या ताठपणावर उभा राहतो. एकाच घरात दोन्ही वापरायला काहीच हरकत नाही. पैसे मोजकेच असतील तर रॉकवूल ५० मिमी घेण्यापेक्षा ग्लासवूल ७५ मिमी घेतलं तर छत जास्त थंड राहील. आणि त्याहीपेक्षा कमी खर्चात पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग दिला तर पत्राच मुळात कमी तापतो, अर्थात दर दोन-तीन वर्षांनी तो धुवून पुन्हा द्यावा लागतो.

खाज आणि वास हे दोन प्रश्न नेहमी येतात. खाज तंतू टोचल्याने होते. काम करताना एन-९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या आणि हातमोजे. नंतर आधी थंड पाण्याने धुवा, चोळू नका, आणि ते कपडे इतर कपड्यांत टाकू नका. या लोकरींच्या कर्करोगाच्या भीतीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये घराच्या इन्सुलेशनचं काचेचं आणि दगडाचं, दोन्ही लोकरींचं वर्गीकरण ‘संभाव्य कर्करोगकारक’ यातून काढून गट ३ मध्ये, म्हणजे ‘कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ या गटात टाकलं. ॲस्बेस्टॉसशी यांची गल्लत करू नये. तरीही उघडी लोकर खोलीत झडत राहणं बरं नाही. जाळीखाली फॉइल किंवा टिश्यूचा अखंड थर हवाच.

वासाचं वेगळं आहे. बंद घर उघडल्यावर छतातून मासळीसारखा किंवा अमोनियासारखा वास आला तर तंतू बांधणारा रेझिन उष्णता आणि ओल यांनी सुटतो आहे. ती लोकर आतून भिजलेली असते, मग वरून फॉइल कितीही कोरडी दिसो. वास जिथे सगळ्यात तीव्र येतो त्या गाळ्याची फॉइल तिन्ही बाजूंनी कापून लोकर खाली घ्या आणि तिचं वजन मोजा. ५० मिमी, २४ किलोचा एक चौरस मीटर तुकडा १.२ किलो भरायला हवा. दोन किलो भरला तर उरलेलं पाणी आहे. मग आजूबाजूचे गाळेही उघडावे लागतील, जोपर्यंत कोरडा तुकडा सापडत नाही तोपर्यंत.